डावखुऱ्यांची पाटी

आपल्या मराठी भाषेत 'डावा' या शब्दाच्या वाट्याला फारसे भाग्य आलेले नाही. कुणाची उपेक्षा झाली की तो 'डावलला' जातो, कमी प्रतीचा ठरला की 'डावा' ठरतो. सोपे काम 'डाव्या हातचा मळ' असते, पण तेही उजव्यांच्या दृष्टीने! आम्हा डावखुऱ्यांच्या डाव्या हाताला मळ लागतो तो खराखुरा. डावीकडून उजवीकडे लिहीत गेले की ओल्या शाईवरून हात फिरतो आणि करंगळीपासून मनगटापर्यंतची कड निळी होते. एलिमेंटरीच्या परीक्षेत माझ्या स्थिरचित्रातला तांब्या असाच माझ्याच तळहाताने पुसला होता.

म्हणून संगणकावर चित्र काढण्याच्या ड्रॉइंग टॅबलेटविषयी ऐकले, तेव्हा मला वाटले की हे यंत्र आपल्यासाठीच जन्माला आले आहे. तिथे शाई नाही, मग फराटा कुठून येणार? आजीने भिशीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. दुकानदार म्हणाला, "सगळ्यांना हाच चालतो." त्या 'सगळ्यांत' मी येते की नाही, हे ना त्याने विचारले, ना मी सांगितले. पुढचे आठ महिने मी त्या चुकीची किंमत मोजली. ती इतर डावखुऱ्या मित्रमैत्रिणींना मोजावी लागू नये, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. पाटीखाली तारांचे जाळे असते व त्यातून सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. लेखणीतील वेटोळे त्या क्षेत्रातूनच ऊर्जा घेते आणि उलट संकेत पाठवते. त्यावरून टोक कुठे आहे आणि किती दाबले आहे हे पाटीला कळते. १९८३ साली स्थापन झालेल्या जपानच्या वॅकॉम कंपनीने अशी बॅटरीविना चालणारी लेखणी रुजवली; आता इतर कंपन्यांच्या बहुतेक लेखण्याही तशाच असतात. थोडक्यात, लेखणी कोणत्या हातात आहे याच्याशी तिला काही कर्तव्य नाही. पक्षपात आहे तो तिच्या भोवतालच्या मांडणीत.

माझ्या पाटीच्या डाव्या कडेला बटणांची रांग होती. उजवा माणूस उजव्या हाताने चित्र काढतो आणि रिकाम्या डाव्या हाताने बटणे दाबतो. माझा मात्र चित्र काढणारा हातच बटणांवर टेकायचा. छाया भरता भरता 'मागे घ्या'चे बटण दाबले जायचे आणि पाच मिनिटांचे काम एकेक रेघ करत नाहीसे व्हायचे. त्या भीतीने मी मनगट अधांतरी धरू लागले. परिणाम असा की दोन महिन्यांत मनगट ठणकू लागले आणि रेघ थरथरू लागली. मला वाटले, आपल्यालाच हे जमत नाही. पाटी विकून टाकण्याचे मी मनाशी ठरवलेही होते.

आमच्या विभागातील सरांनी एकदा पाहिले व सहज म्हणाले, "अगं, ती उलटी फिरव ना!" मी पाटी अर्धे वर्तुळ फिरवली. बटणे उजवीकडे गेली खरी. पण आता हात वर नेला की रेघ खाली जाई! वर्गात हशा पिकला. पाटी फिरवल्याचे संगणकालाही सांगावे लागते. पाटीबरोबरच्या प्रणालीत, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, 'डावा हात' असा पर्याय असतो. तो निवडला आणि आठ महिन्यांचे दुखणे एका मिनिटात संपले. मी रडायचीच बाकी होते.

तेव्हा खरेदीपूर्वी पाहायची पहिली गोष्ट ही: ड्रायव्हरमध्ये डाव्या हाताची सोय आहे का? दुसरी: बटणे कुठे आहेत? ती वरच्या कडेला असतील किंवा मुळीच नसतील, तर प्रश्नच मिटला. तिसरी गोष्ट वायरची. पाटी फिरवल्यावर वायर नेमकी डाव्या कोपराखाली येत नाही ना, हे दुकानातच फिरवून पाहावे.

पडद्याच्या पाटीच्या बाबतीत अधिक सावध राहावे. तिचा उतार किंवा मागचा पाय एकाच बाजूने बसवलेला असेल, तर ती फिरवता येत नाही. शिवाय काचेच्या जाडीमुळे टोक आणि रेघ यांत किंचित अंतर दिसते. ते जुळवण्याची सोय असते. पण जुळवणी आपण ज्या बैठकीत चित्र काढतो त्याच बैठकीत, आपल्याच डाव्या हाताने करावी. उजव्या मैत्रिणीने करून दिलेली जुळवणी माझ्या नजरेला चुकते, हा स्वानुभव आहे. रंगांच्या चौकटी बहुधा उजवीकडे असतात. तिथे पोहोचताना डावा हात सगळे चित्र झाकतो, म्हणून त्या डावीकडे ओढून घ्याव्यात. विंडोजमध्ये डावा हात निवडला की याद्याही हाताखाली न उघडता हाताच्या उजवीकडे उघडतात.

आकाराचा मोह आवरावा. सुमारे ६ इंच बाय ४ इंचांची लहान पाटी वहीएवढ्या कामाला पुरते. खांद्यापासून हात फिरवणाऱ्याने मध्यम घ्यावी. दाबाच्या ४०९६ पातळ्या की ८१९२, या जाहिरातीतील वादापेक्षा टोक हलके टेकताच रेघ उमटते का, हे पाहणे महत्त्वाचे.

राहता राहिला कळफलक. कंट्रोल, झेड, बी, ई या नेहमीच्या कळा डावीकडे एकवटलेल्या असतात. कळफलक पाटीच्या उजवीकडे ठेवावा आणि हव्या त्या आज्ञा उजवीकडच्या अंकांच्या कळांवर नेमून घ्याव्यात. कुंचल्याचा आकार बदलणाऱ्या चौकटी कंसाच्या कळा मात्र मुळातच उजवीकडे आहेत. एवढा एक न्याय आमच्या पदरी पडला आहे! क्रिटा या विनामूल्य प्रणालीत ४ व ६ या कळांनी कागद फिरवता येतो, तर एम या कळेने चित्र आरशातल्यासारखे दिसते. छायारेषांसाठी याचा फार उपयोग होतो. डावखुऱ्याची छायारेषा स्वभावतः वर डावीकडून खाली उजवीकडे उतरते. लिओनार्दोच्या रेखाटनांतही ती तशीच उतरते. तेव्हा तिला दोष समजून सुधारत बसू नये.

असो. आजीचा उल्लेख वर केला आहे. तीही मूळची डावखुरी. लहानपणी छड्या खाऊन तिचा हात 'सुधारला' गेला. ती लिहिते उजव्याने, पोळ्या लाटते उजव्याने. रांगोळीची चिमूट मात्र अजून डाव्याच हातात धरते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यासमोर पाटी ठेवली. तिने लेखणी आधी उजव्या हातात घेतली, क्षणभर थांबली आणि डाव्या हातात बदलली. ठिपक्यांची रांगोळी पडद्यावर उमटू लागली. "पुसत नाही गं हे," ती म्हणाली.

यंत्र आपल्या हाताजोगे करून घेता येते. हात यंत्राजोगा करण्याची सक्ती आजीच्या पिढीने सोसली, तेवढी पुरे झाली.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, उपयोजित कला