वस्तीतला क्लब ५० वर्षं कसा टिकतो? जमैकाच्या हार्बर व्ह्यूकडून शिकण्यासारखं



केस स्टडी म्हटलं की आपण लगेच मोठ्या कंपन्यांकडे बघतो. आज आपण एक छोटा धंदा बघणार आहोत, आणि तो आहे फुटबॉलचा. देश जमैका, लोकसंख्या साधारण २८ लाख. एवढ्याशा देशातल्या एका शहराच्या एका वस्तीतला क्लब, हार्बर व्ह्यू फुटबॉल क्लब.

तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला किराणा टाकायचाय, फुटबॉलचं काय घेऊन बसलात? थोडा धीर धरा. या क्लबचा प्रॉब्लेम तुमच्या-माझ्यासारखाच आहे. गिऱ्हाईक मोजकं, स्पर्धा जगाशी, आणि सगळ्यात चांगला माल एक ना एक दिवस हातातून जाणार.

आधी जागा समजून घ्या

जमैकाची राजधानी किंग्स्टन. शहराच्या पूर्व टोकाला, विमानतळाकडे जाणारा रस्ता जिथे फुटतो, तिथे हार्बर व्ह्यू ही वस्ती आहे. १९६० च्या सुमारास उभी राहिलेली हाउसिंग कॉलनी. म्हणजे सगळे बाहेरून येऊन इथे राहायला लागलेले लोक. अशा नव्या कॉलनीत शेजाऱ्याला शेजारी बांधायला काहीतरी लागतं. आपल्याकडे ते काम गणपती मंडळ करतं, तिथे फुटबॉलनं केलं. १९७४ मध्ये क्लब सुरू झाला.

मैदान वस्तीतच आहे. हार्बर व्ह्यू मिनी स्टेडियम, साधारण ७ हजार लोक बसतील एवढं. लोक त्याला 'कंपाउंड' म्हणतात. म्हणजे दुकान घराजवळ आणि गिऱ्हाईक चालत येणारं. लोकेशनच्या बाबतीत क्लबनं पहिली मॅच तिथेच जिंकली.

क्लब देशाच्या लीगचा चॅम्पियन झाला २०००, २००७, २०१०, २०१३ आणि २०२२ मध्ये. कॅरिबियन क्लबांची स्पर्धाही दोनदा जिंकली, २००४ आणि २००७ ला.

गल्ल्यात पैसा येतो कुठून?

तिकीट, स्पॉन्सर आणि खेळाडूंची विक्री, हे तीन मुख्य रस्ते. एकेक बघू.

तिकिटावर फार भरवसा ठेवता येत नाही. जमैकातला माणूस फुटबॉलवेडा आहे, पण टीव्हीवर त्याला इंग्लंडची प्रीमियर लीग दिसते. शिवाय शाळांच्या स्पर्धा तिथे प्रचंड लोकप्रिय आहेत. मॅनिंग कप तर १९०९ पासून चालू आहे. म्हणजे वरून मॉल आणि खालून जत्रा, मधे आपलं दुकान.

स्पॉन्सरची गोष्ट नीट वाचा

२००७-०८ च्या सीझनला जमैकाच्या लीगला एक तगडा स्पॉन्सर मिळाला, कॅश प्लस. लीगचं नावच कॅश प्लस प्रीमियर लीग झालं. ही कंपनी लोकांकडून पैसे घ्यायची आणि महिन्याला १० टक्क्यांच्या आसपास परतावा द्यायचं कबूल करायची. महिन्याला, वर्षाला नाही! आपल्याकडच्या भिशी आणि चिटफंडाच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. लोकांचे पैसे अडकले आणि २००८ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली.

लीग बंद पडली नाही. पुढे डिजिसेल आला, मग रेड स्ट्राइप आला. पण ज्या क्लबांचं बजेट त्या एका नावावर उभं असेल, त्यांना झोप लागली असेल का, विचार करा.

हे मी अनुभवानं सांगते. माझ्या स्टेशनरीच्या दुकानाला तिसऱ्या वर्षी एका शाळेची मोठी ऑर्डर मिळाली. निम्म्याहून जास्त धंदा त्या एका ऑर्डरवर आला. मी इतकी खूश होते की काउंटरवर वही-पेन घ्यायला येणाऱ्या पोरांकडे लक्षच राहिलं नाही. चौथ्या वर्षी शाळेनं दुसरीकडून माल घेतला. गोडाऊन भरलेलं, उधारी डोक्यावर, आणि पोरं तोवर पलीकडच्या दुकानात जायला लागलेली. त्यांना परत आणायला मला दोन वर्षं लागली.

सगळ्यात चांगला माल

आता तिसरा रस्ता. १९९८ मध्ये जमैका वर्ल्ड कपला पोहोचला. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन देशांमधला पहिलाच. त्या टीममध्ये हार्बर व्ह्यूचा १९ वर्षांचा पोरगा होता, रिकार्डो गार्डनर. वर्ल्ड कप झाला आणि इंग्लंडच्या बोल्टन वाँडरर्सनं त्याला सुमारे १० लाख पौंडांना घेतलं. किंग्स्टनच्या एका कॉलनीतल्या क्लबसाठी हा आकडा किती मोठा असेल बघा.

पण धंद्याच्या नजरेनं पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. गार्डनर २०१२ पर्यंत बोल्टनकडेच राहिला. म्हणजे पुढे मोठी विक्री झालीच नाही. एकदा लॉटरी लागली, विषय संपला. दर महिन्याचा खर्च असल्या लॉटरीवर चालत नाही. मग क्लबनं करायचं काय? दरवर्षी नवीन मुलं घडवायची. आणि मुलं येणार कुठून? आजूबाजूच्या गल्ल्यांतून. आई-बापाचा विश्वास असेल तरच ते पोराला रोज संध्याकाळी मैदानावर पाठवतील. म्हणून वस्ती ही नुसती प्रेक्षक नाही, कच्चा मालही तीच देते. वस्ती नाराज झाली, तर तिकीटही गेलं आणि उद्याचा खेळाडूही.

५ टक्क्यांचा नियम

२००१ पासून फिफाचा एक नियम आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांत ज्यांनी घडवलं त्या क्लबांमध्ये वाटायचे. १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाचे ०.२५ टक्के आणि १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाचे ०.५ टक्के.

हिशोब करून बघू. समजा एक मुलगा १६, १७ आणि १८ अशी तीन वर्षं एका छोट्या क्लबकडे होता. पुढे कधीतरी तो युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात १० लाख पौंडांना विकला गेला. छोट्या क्लबचा वाटा १.५ टक्के, म्हणजे १५ हजार पौंड. मुलगा कधीच गेलेला, पण पैसा येतोय. आणि प्रत्येक अशा विक्रीला येतो.

अट एकच, नोंद हवी. मुलगा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आपल्याकडे रजिस्टर होता, याचा कागद. ज्याचं रजिस्टर कोरं, त्याचा हक्कही कोरा. मेहनत केलेली असूनसुद्धा!

आपण काय घ्यायचं?

१. एका गिऱ्हाइकावर, एका सप्लायरवर निम्म्याहून जास्त धंदा गेला की सावध व्हा. आनंद करा, पण सावध राहून करा.

२. मोठी विक्री झाली की ती रोजच्या खर्चात मिसळू नका. ती पुन्हा येईलच असं नाही.

३. चांगला कारागीर, चांगला मुलगा दुकान सोडून जाणारच. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. तो गोड बोलून जाईल आणि त्याच्या जागी दुसरा तयार असेल, एवढं आपल्या हातात आहे.

४. कागद ठेवा. बिल, उधारीची वही, गिऱ्हाइकाचा नंबर. आज कंटाळा येतो, पण पाच वर्षांनी तोच पैसा असतो.

५. आपली गल्ली सांभाळा. हार्बर व्ह्यूची २०२२ ची ट्रॉफी आली तेव्हा क्लब सुरू होऊन ४८ वर्षं झाली होती. स्पॉन्सर बदलले, खेळाडू बदलले, मैदान मात्र त्याच वस्तीत राहिलं.

या आठवड्याचा होमवर्क: मागच्या तीन महिन्यांची विक्री काढा आणि सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा वाटा किती टक्के आहे ते लिहा. ते गिऱ्हाईक उद्या आलं नाही तर दुकानाचं भाडं निघेल का? उत्तर मला नाही सांगितलं तरी चालेल, पण स्वतःशी खोटं बोलू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबानं करा!