विश्लेषण : कॅम्पिंगसाठी हॅचेट घ्यावी की छोटी कुऱ्हाड? वजनाआधी दांड्याची लांबी का पाहावी?

पावसाळा ओसरला की पवना, भंडारदरा, राजमाचीच्या परिसरात तंबू उभे राहू लागतात. तंबू, स्लीपिंग बॅग आणि हेडटॉर्चच्या जोडीला कुऱ्हाडही आता ऑनलाइन खरेदीच्या यादीत दिसू लागली आहे. एका हाताने चालवायची ‘हॅचेट’ आणि तिच्याहून थोडी मोठी ‘छोटी कुऱ्हाड’ छायाचित्रात जवळपास सारख्याच दिसतात. त्यामुळे बहुतेकांची निवड वजन, किंमत आणि दिसण्यावर होते. प्रत्यक्षात घाव किती खोल जाणार आणि नेम चुकला तर पाते कुठे जाणार, हे मुख्यतः दांड्याच्या लांबीवर ठरते. तसेच सह्याद्रीत ती सोबत न्यावी का, हा प्रश्नही खरेदीआधीच सोडवावा लागतो.

हॅचेट आणि छोटी कुऱ्हाड यांत नेमका फरक काय?

हॅचेट म्हणजे हातकुऱ्हाड. तिचा दांडा साधारण ३० ते ४० सेंटिमीटर असतो आणि ती एका हाताने चालवतात. छोट्या कुऱ्हाडीचा दांडा साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर असतो. ती दोन्ही हातांनी धरता येते आणि गरज पडल्यास एका हातानेही वापरता येते. स्वीडनमधील ग्रॅन्सफोर्स ब्रुक या १९०२पासूनच्या कारखान्याची दोन उत्पादने या फरकाचे नेहमीचे उदाहरण ठरतात. त्यांच्या ‘वाइल्डलाइफ हॅचेट’चा दांडा सुमारे ३४ सेंटिमीटर आणि एकूण वजन सुमारे ६०० ग्रॅम आहे. ‘स्मॉल फॉरेस्ट ॲक्स’चा दांडा सुमारे ४९ सेंटिमीटर, तर वजन सुमारे ९०० ग्रॅम. म्हणजे पाठीवरच्या ओझ्यात ३०० ग्रॅमचा आणि लांबीत १५ सेंटिमीटरचा फरक.

भारतीय ग्राहकांच्या ओळखीची फिनलंडची फिस्कार्स ही कंपनी तर १६४९पासूनची. तिची ‘एक्स ७’ ही हॅचेट सुमारे ६४० ग्रॅमची असून दांडा लाकडाऐवजी फायबरयुक्त प्लास्टिकचा असतो.

हा वाद नवा आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेत हौशी भटकंती वाढू लागली तेव्हापासून तो सुरू आहे. ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यांचे ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक १८८४मध्ये आले. पाठीवर कमीत कमी ओझे हवे, असा आग्रह धरणारे सीअर्स दोन्ही बाजूंना धार असलेली लहानशी कुऱ्हाड बाळगत. मात्र तेथील थंडीत रात्रभर शेकोटी पेटती ठेवायची, तर जाड ओंडके तोडावे लागतात आणि त्यासाठी हॅचेट अपुरी पडते. ओझे की ताकद, या ओढाताणीतूनच मधल्या मापाच्या छोट्या कुऱ्हाडी लोकप्रिय झाल्या.

१५ सेंटिमीटरने घावात किती फरक पडतो?

शाळेतले सूत्र आठवले तरी पुरे. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खांद्यापासून मुठीपर्यंत हाताची लांबी ६० सेंटिमीटर धरली, तर ३४ सेंटिमीटरच्या हॅचेटचे पाते सुमारे ९४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. ४९ सेंटिमीटरच्या कुऱ्हाडीसाठी ही त्रिज्या १०९ सेंटिमीटर होते. हात त्याच झपाट्याने फिरला तर पात्याचा वेग सुमारे १६ टक्के वाढतो आणि केवळ वेगामुळे ऊर्जा सुमारे ३४ टक्के वाढते. त्यात पात्याचे वजन ५००ऐवजी ७०० ग्रॅम धरले, तर घावाची ऊर्जा जवळपास १.९ पट होते.

हा ढोबळ हिशेब आहे. जड कुऱ्हाड तितक्याच वेगाने फिरवणे एका हाताला जड जाते, पण दुसरा हात लागला की ही अडचण बरीच कमी होते. म्हणून मनगटाहून जाड लाकूड तोडायचे असेल तर छोटी कुऱ्हाड कमी घावांत काम उरकते. याउलट पेटवणासाठी बारीक ढलप्या काढणे, खुंटीला टोक करणे अशा कामांत हॅचेट सरस ठरते, कारण पाते मुठीजवळ असल्याने नेम नीट साधतो.

लहान म्हणजे सुरक्षित, हा समज बरोबर आहे का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडू शकतो. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे हा वाक्प्रचार आखूड दांड्याच्या बाबतीत शब्दशः खरा ठरू शकतो. साधारण १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा खांदा जमिनीपासून सुमारे १४० सेंटिमीटरवर असतो. तो सरळ उभा राहून हॅचेट चालवत असेल आणि घाव हुकला, तर पाते जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे गुडघ्याच्या जवळपास, वर्तुळाच्या तळाशी पोहोचते. तिथे ते थांबत नाही, पायाच्या दिशेने मागे येते. छोट्या कुऱ्हाडीचे पाते सुमारे ३० सेंटिमीटरवर, म्हणजे नडगीच्या उंचीवर येते. ८० ते ९० सेंटिमीटर दांड्याची मोठी कुऱ्हाड मात्र हुकली तर बहुधा पायापर्यंत येण्याआधी जमिनीत रुतते.

म्हणजे उभे राहून वापरताना हॅचेट आणि छोटी कुऱ्हाड दोन्ही धोक्याच्या आहेत. यावर उपाय सोपा आहे : दोन्ही गुडघे टेकून बसावे. खांद्याची उंची त्यामुळे ९५ सेंटिमीटरच्या आसपास येते आणि हुकलेले पाते मांडीकडे वळण्याआधी जमिनीला लागते. लाकूड थेट जमिनीवर किंवा दगडावर न ठेवता जाड ओंडक्यावर, तेही ओंडक्याच्या पलीकडच्या कडेला ठेवावे. घाव हुकला किंवा लाकूड आरपार तुटले तरी पाते ओंडक्यात अडकते.

बारीक लाकूड एका हाताने उभे धरून दुसऱ्या हाताने घाव घालणे सर्वांत घातक. त्याऐवजी पात्याची धार लाकडाच्या टोकावर टेकवावी, दोन्ही एकत्र उचलून ओंडक्यावर आपटावीत. दुसरा मार्ग म्हणजे धार लाकडावर ठेवून पात्याच्या मागच्या बाजूवर लाकडी सोट्याने ठोकणे. दोन्ही पद्धतींत पाते हवेत फिरतच नाही.

हात आणि कुऱ्हाड मिळून जेवढी लांबी होते, तिच्या दुप्पट अंतरात कोणीही उभे असू नये. अंधारात, दमलेले असताना किंवा मद्यपान करून कुऱ्हाड हातात घेऊ नये. काम झाले की पात्यावर लगेच म्यान चढवावे. जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा, तो सतत ठेवावा आणि १०८ किंवा ११२ वर संपर्क साधावा. अनेक मुक्कामांच्या ठिकाणी मोबाइलची रेंज नसते. जवळचे गाव आणि दवाखाना किती दूर आहे, हे म्हणूनच आधी पाहून ठेवावे.

सह्याद्रीतल्या लाकडावर या कुऱ्हाडी चालतात का?

चालतात, पण थोडा फरक लक्षात घ्यावा लागतो. उत्तर युरोपातील अनेक कुऱ्हाडी तिथल्या पाइन, स्प्रूस, बर्च अशा तुलनेने मऊ लाकडासाठी बारीक धारेच्या बनवलेल्या असतात. आपल्याकडचे वाळलेले खैर, बाभूळ किंवा ऐनाचे लाकूड त्याहून बरेच कठीण असते. अशा लाकडाच्या गाठीवर तिरका घाव बसला तर पातळ धारेला खाच पडू शकते. धारेचा एकूण कोन साधारण ३० अंशांच्या आसपास असेल तर ती अधिक टिकते.

आपल्याकडच्या मुक्कामात जाड झाड तोडण्याची वेळ मुळात येत नाही. पायथ्याच्या गावात सरपणाची मोळी विकत मिळते. ते लाकूड आधीच तोडलेले असते, फक्त फोडून बारीक करायचे असते. तेवढ्यासाठी हॅचेट पुरते. बांबू, झुडपे किंवा काटक्यांसाठी तर कोकणापासून मावळापर्यंत घरोघरी असलेला कोयता दोन्हींपेक्षा सोयीचा.

लाकूड आडवे कापायचे असेल तर घडीची करवत अधिक कामाची. दहा सेंटिमीटर जाडीचे लाकूड कुऱ्हाडीने तोडताना जवळपास तेवढ्याच रुंदीची खाच पाडावी लागते. करवतीची चीर एक-दोन मिलिमीटरचीच असते. त्यामुळे श्रम वाचतात आणि पाते हवेत फिरण्याचा धोकाही राहत नाही. हॅचेट आणि करवत मिळून अनेकदा छोट्या कुऱ्हाडीएवढेच वजन होते, पण दोन्ही प्रकारची कामे भागतात.

जंगलात कुऱ्हाड नेता येते का?

अनेक लोकप्रिय ठिकाणी याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा परिसर वन्यजीव अभयारण्यात मोडतो. भीमाशंकर आणि राधानगरी ही अभयारण्येच आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम ३१नुसार लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. कायद्यातील शस्त्राची व्याख्या व्यापक आहे. बंदुकीबरोबर चाकू, जाळी, फासे आणि प्राण्याला इजा करू शकणारी साधनेही तिच्यात येतात. अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवण्यास कलम ३०नुसार मनाई आहे. राखीव वनात झाड तोडणे, फांद्या छाटणे किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम २६नुसार गुन्हा आहे.

ज्या देशांत या कुऱ्हाडी बनतात, तिथेही मनाला येईल तशी तोड चालत नाही. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानात फिरण्याचा आणि मुक्काम करण्याचा हक्क नागरिकांना आहे. पण जिवंत झाडाची फांदी किंवा साल काढण्याची मुभा त्यात नाही. जमिनीवर पडलेल्या काटक्या तेवढ्या गोळा करता येतात.

म्हणजे कुऱ्हाडीचा निर्धोक वापर उरतो तो खासगी शेतावर, परवानगी असलेल्या कॅम्पसाइटवर आणि विकत घेतलेल्या सरपणावर. प्रवासातही काळजी हवी. विमानात कुऱ्हाड हातातल्या सामानात चालत नाही, ती नीट गुंडाळून चेक-इन सामानात द्यावी लागते. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना असे हत्यार जवळ बाळगणे अडचणीचे ठरू शकते. ती म्यानात घालून, सामानाच्या तळाशी बांधून न्यावी.

विकत घेताना काय तपासावे?

दांडा लाकडी असेल तर टोकाकडून पाहावे. लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेला समांतर असाव्यात. त्या आडव्या असतील तर दांडा मोडण्याची शक्यता वाढते. पाते हलवून पाहावे, ते जराही डुगडुगत असेल तर घेऊ नये. सैल पाते पाण्यात बुडवून घट्ट करण्याचा उपाय तात्पुरता आहे. लाकूड वाळले की ते आणखी सैल होते. पाचर नव्याने ठोकणे हाच खरा उपाय. म्यान नसलेली कुऱ्हाड सॅकमध्ये घालणे धोक्याचे.

अनेक जण तंबूच्या खुंट्या ठोकण्यासाठी कुऱ्हाडीची मागची बाजू वापरतात. लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुंटीसाठी ते चालते. लोखंडी खुंटीवर मात्र हातोड्यासारखे ठोकू नये. त्याने दांडा बसतो ते भोक फाकते आणि पाते सैल होते.

आयात केलेली कुऱ्हाड काही हजारांत जाते. आठवडे बाजारात किंवा गावच्या लोहाराकडे मिळणारे पाते त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. धामणाचे लाकूड लवचिक आणि चिवट असल्याने दांड्यासाठी चांगले मानले जाते. हव्या त्या लांबीचा दांडा बसवून घेता येतो, ही तिथली मोठी सोय.

मग निवड कशी करावी?

आधी काम ठरवावे. पाठीवर सॅक घेऊन एक-दोन रात्रींचा ट्रेक असेल आणि स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर होणार असेल तर कुऱ्हाड घरीच ठेवावी. परवानगी असलेल्या ठिकाणी विकतचे सरपण फोडून शेकोटी करायची असेल तर ३५ ते ४० सेंटिमीटरची हॅचेट आणि घडीची करवत पुरेशी. गाडीने जाऊन शेतावर मुक्काम असेल, गट मोठा असेल आणि मनगटाहून जाड लाकूड फोडायचे असेल तर ५० सेंटिमीटरच्या आसपासची छोटी कुऱ्हाड घ्यावी. दोन्हींमध्ये मन अडत असेल आणि कुऱ्हाड चालवण्याचा सराव नसेल, तर दुकानात जाऊन दोन्ही हातात धरून पाहाव्यात आणि पहिले लाकूड घराच्या अंगणात, दिवसाउजेडी, गुडघे टेकून फोडावे.