उसनं तेज आणि आतली धग

मंडळी, अभंगाच्या चरणाकडं जाण्याआधी थोडं आभाळाचं बोलू.

तारा स्वयंप्रकाशी, ग्रह परप्रकाशी. हे काही साहेबानं येऊन शिकवलं नाही बरं का! आर्यभटानं इ. स. 499 मध्येच सांगून ठेवलं, की पृथ्वीची आणि ग्रहांची सूर्याकडची अर्धी बाजू उजळते, उरलेली अर्धी आपल्याच छायेनं काळी राहते. ताऱ्यांनाही त्यानं त्याच पंगतीत बसवलं, तेवढं आज टिकत नाही. तारे स्वतःच सूर्य आहेत.

पडलेल्या उजेडातला पाऊण हिस्सा शुक्र परत करतो, कारण त्याचे ढग पांढरे. पृथ्वी करते सुमारे 30 टक्के. चंद्र दिसतो दुधासारखा, पण परत देतो जेमतेम 12 टक्के! त्याच्यावरचे डाग तर आपल्या सह्याद्रीसारख्या काळ्या कातळाचे.

मग उरलेला उजेड जातो कुठं? कराडकडची, वाळव्याकडची गुऱ्हाळं आठवा. रात्री चुलाणाचा जाळ लांबून दिसतो, त्या जाळात काहील चमकते. ते उसनं तेज. जाळ विझला, अंधार झाला, तरी काहिलीजवळ हात नेला की धग लागते. ती धगही प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. शास्त्रात त्याला अवरक्त म्हणतात. मुरवलेलं ऊन ग्रह असा धगीनं फेडतो. गुरू तर सूर्याकडून घेतो त्याहून जास्त धग देतो. जन्माच्या वेळची ऊब अजून त्याच्या पोटात आहे.

फार लांबून कुणी पाहिलं, तर डोळ्यांच्या उजेडात सूर्य पृथ्वीच्या सुमारे 1,000 कोटी पट झगझगीत दिसेल. धगीच्या प्रकाशात तोच फरक 1 कोटी पटीवर येतो. म्हणून परक्या ताऱ्यांचे ग्रह हुडकणारे धगीच्या मागं लागतात. कुणी रेडिओ लहरींच्या. आपल्या नारायणगावजवळ खोडदला 30 मोठ्या तबकड्यांची दुर्बीण आहे. तिनं सुमारे 120 प्रकाशवर्षं दूरच्या एका ग्रहाकडं कान लावला. 2009 मध्ये काहीतरी लागल्यासारखं वाटलं. 2010 मध्ये पुन्हा ऐकलं, तर काही नाही.

आता मंगळाचं. एका सप्ताहात एका गृहस्थानं मला गाठलं. "महाराज, पोरीला मंगळ हाय म्हणून दोन स्थळं माघारी गेली. त्याचं तेज आमच्या घरावर पडतं तरी किती?" बापाचा प्रश्न, उत्तर मोजूनच द्यायला हवं. मंगळ अगदी जवळ आला, लालभडक दिसला, तरी पुनवेचा चंद्र त्याच्या हजारो पट उजेड देतो. आणि तो उजेडही मंगळाचा नव्हे. सूर्याचाच, वाटेत तांबड्या मातीवर आपटून आलेला. तोच सूर्य ती पोर रोज सकाळी अंगणात अंगावर घेते, तेव्हा कुणी पत्रिका काढत नाही! त्या गृहस्थाला मी म्हटलं, पुढचं स्थळ आलं की मला बोलवा, मी येऊन बसतो.

हं, टाळकरी, घ्या चरण.