वाट बंद झाली तर: पाड्यावरच्या बाळंतपणाची तयारी

बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, तेच सुरक्षित. पण मेळघाटात किंवा भामरागडात नाले दुथडी भरले की रस्ता तुटतो आणि कळा पूर ओसरायची वाट पाहत नाहीत. म्हणून अशा घरांनी आठव्या महिन्यातच तयारी करावी.

आधी निघायची तयारी. काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ असतं. तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईला तिथं राहता येतं. आशाताईंना विचारून ठेवा. १०८ नंबर, गाडी, सोबतीण आणि रक्त देणारा माणूस आधीच ठरवा.

तरीही घरीच वेळ आली, तर पाच गोष्टी स्वच्छ हव्यात: हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ. दाईनं नखं कापून कोपरापर्यंत साबणानं हात धुवावेत. धुऊन कडक उन्हात वाळवलेलं लुगडं अंथरावं. ब्लेड नवं, ऐनवेळी कागदातून काढलेलं असावं, दोरा उकळलेला. नाळेवर राख, शेण, तेल लावू नका. त्यातून धनुर्वात होऊ शकतो.

बाळाला लगेच कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून पांघरूण घाला. तासाभरात अंगावर पाजा. पहिल्या दिवशी अंघोळ नको.

रक्तस्राव थांबत नसेल, झटके आले, बाळाचा हात आधी दिसला, बाळ रडलं नाही किंवा अर्ध्या तासात वार पडली नाही, तर मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठा. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.