लंडनमध्ये सापडलेलं नागरी पुराण

फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616, 1649 आणि 1654 असं तीनदा छापलं गेलं आणि तिन्ही आवृत्त्या पार नाहीशा झाल्या. मागे उरल्या हातानं केलेल्या नकला, त्याही रोमन लिपीत. त्या जुळवून जोसेफ साल्डाना यांनी 1907 साली मंगळुरात ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमनमध्येच. बायबलची आदामापासूनची कथा, दहा हजारांवर मराठी ओव्या, आणि ज्ञानेश्वरीच्या वाचकानं त्या परक्या अक्षरांत चाचपडत वाचायच्या!

स्टीफन्सच्या मनात तसं नव्हतं. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला. पुराणाच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण पाद्रीला गाठतो. जुनी पुराणं सुटली, आता आम्ही वाचायचं काय, असा त्याचा सवाल. सगळं पुराण म्हणजे या सवालाचं उत्तर आहे. 1608 साली स्टीफन्सनं रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलं, की इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापलेली पाहावीत ही माझी कैक वर्षांची इच्छा आहे. अडचण साच्यांची होती. युरोपच्या लिपीला चोवीस अक्षरं पुरत, इथे सहाशे साचे पाडावे लागणार. ते दोनशेवर आणता येतील, असंही त्यानं सुचवलं. ते साचे झालेच नाहीत.

मग या ओव्या नागरीत कधी लिहिल्याच गेल्या नाहीत का?

उत्तर सापडलं जस्टिन अ‍ॅबट यांना. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांची कैक वर्षं गेलेली, संतवाङ्मय मुरलेलं. 1920च्या दशकात लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतल्या विल्यम मार्सडेन या अभ्यासकाच्या संग्रहात त्यांना दोन पोथ्या दिसल्या, ‘आदिपुराण’ आणि ‘देवपुराण’. नावं कुठल्याही हिंदू पोथीला शोभतील अशी. आत मात्र जुना आणि नवा करार, देवनागरीत, ओवीमागून ओवी! छापील प्रतीशी ताडून पाहिलं तर ग्रंथ स्टीफन्सचाच निघाला. रोमन प्रतींत जिथे पोर्तुगीज-लॅटिन शब्द येतात, तिथे या पोथ्यांत बहुतेक ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द होते.

अ‍ॅबट म्हणाले, मूळ पाठ हाच. पुढच्या अभ्यासकांपैकी काहींना तो नंतर संस्कृताकडे वळवलेला वाटतो. वाद अजून मिटलेला नाही, पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. सगळं पुराण कुणीतरी बोरूनं नागरीत उतरवून काढलं, म्हणजे ते नागरीत वाचणारं माणूस समोर होतं. वचन त्या माणसापर्यंत त्याच्याच अक्षरांतून गेलं. छापखान्याला जमलं नाही ते लेखणीनं केलं.

आपल्या साष्टी बेटालाही अशा ख्रिस्ती पुराणाची गोडी होती. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यानं उत्तर कोकणच्या बोलीत रचलेलं येशूच्या दुःखसहनाचं पुराण 1659 साली छापलं गेलं. ते इथल्या ख्रिस्ती घरांतून उपवासकाळात गायलं जाई.

स्टीफन्सचा ग्रंथ आता नागरीत छापलेला आहे. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून आणि 1996 साली कारिदाद द्रागो यांनी मुंबईहून तो आणला. बोरिवली-मरोळच्या बायबलवाचनाच्या मंडळांत येत्या उपवासकाळात तो हाती घ्यावा, मोठ्यानं वाचावा आणि त्या ब्राह्मणासारखे आडवेतिडवे प्रश्नही विचारावेत.