पार्थियन मूर्तींचा हरवलेला साज

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची एक विवस्त्र स्त्रीमूर्ती आहे. बॅबिलोनजवळ हिल्ला येथील दफनभूमीत ती एकोणिसाव्या शतकात सापडली. अंग अलाबास्टर या मऊ, दुधी दगडाचे, कानांत नि गळ्यात सोने, माथ्यावर सोन्याची चंद्रकोर, डोळ्यांत आणि बेंबीत लाल खडे. इराणच्या पार्थियन राजांनी इ.स.पू. 141च्या सुमारास मेसोपोटेमिया जिंकला. त्यांच्या काळातल्या अशा छोट्या मूर्ती तिथे बऱ्याच मिळाल्या आहेत, काही उभ्या, काही कोपरावर रेललेल्या. ग्रीक अॅफ्रोडाइटीची दुय्यम नक्कल म्हणून त्यांची बोळवण केली जाते, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. देहाची गोलाई आणि रेलण्याची ढब ग्रीक आहे, यात शंका नाही. अलेक्झांडरनंतर तिथे ग्रीक नगरेच वसली होती. पण मूर्ती घडवण्याची रीत पाहावी. हात वेगळे कोरून खांद्याला जोडलेले, कधी हलतील असे, केस प्लास्टरचे किंवा डांबराचे, डोळे जडवलेले. दक्षिण मेसोपोटेमिया ही गाळाची जमीन, चांगला दगड बाहेरून आणावा लागे. त्यामुळे थोड्या दगडाला इतर जिनसांची जोड देणे तिथे मुरलेले होते. तेल अस्मारच्या सुमेरी मूर्तींचे शिंपल्याचे डोळे या मूर्तींहून दोन हजारांवर वर्षांनी जुने आहेत.

यावर कोणी म्हणेल, जडावाचे काम ग्रीकांकडेही होते. ऑलिंपियाचा झ्यूस सोन्या-हस्तिदंताचाच होता. खरे आहे, पण तो मंदिरातला महाकाय देव. इथे तोच थाट हातात मावणाऱ्या, थडग्यात ठेवलेल्या मूर्तीला मिळतो. शिवाय लूव्रच्या मूर्तीतले ते लाल खडे बराच काळ रंगीत काच समजले जात. 1990च्या दशकातल्या तपासणीत ती माणके निघाली, आणि त्यांतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण ब्रह्मदेशाच्या खाणींशी जुळले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोचहून इराणच्या आखाताकडे चंदन आणि सागवान जात असल्याची नोंद आहे, माणकेही अशाच सागरी वाटेने गेली असावीत. इतक्या लांबून खडा आणून डोळ्यांत बसवणारा कारागीर परक्या नमुन्याची नुसती नक्कल करत होता, हे पटत नाही. राहिला प्रश्न, या मूर्ती कोणाच्या? चंद्रकोरीवरून लूव्रची मूर्ती देवीची मानायला आधार आहे, मग तिला इश्तार म्हणा वा ननाया. चंद्रकोर नसलेल्या साध्या मूर्तींना मात्र सरसकट देवी ठरवू नये. थडग्यातली प्रत्येक स्त्री देवीच असायला हवी, असे त्या मूर्तींत काहीच नाही.