गाडीचा विमा : हप्ता कमी, संरक्षण तेवढेच

बऱ्हाणपूरहून जळगाव-भुसावळला लग्नकार्यासाठी आपण बहुतेक गाडीनेच जातो. म्हणून हप्ता वाचवताना संरक्षण कमी करू नये, असे आम्ही सुचवतो. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवते. तिथे घासाघीस चालत नाही. बचत होते ती आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. वर्षभर क्लेम केला नाही, तर त्यावर 20 टक्के नो क्लेम बोनस मिळतो. सलग पाच वर्षांनी तो 50 टक्के होतो. म्हणून किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी हिशेब करावा. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. नव्या गाडीला तो लागू होतो. मात्र पॉलिसीची मुदत संपून 90 दिवस उलटले, की बोनस जातो. कपाटातली पॉलिसी काढून तारीख आजच बघावी.